घरचा कॉम्प्युटर काम चालू असताना आपोआप रिस्टार्ट होतोय, कुठून बघायला सुरुवात करू?

पेठेतली टायपिस्ट

नमस्कार. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत राहते. घरातूनच मराठी टायपिंग आणि डीटीपीची कामं करते. शिवाजी विद्यापीठातल्या मुलांचे शोधप्रबंध, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नसराईत पत्रिकांचा मजकूर, असं वर्षभर काही ना काही चालू असतं.

कॉम्प्युटर असेंबल केलेला आहे. इंटेल आय-फाइव्ह, चौथी जनरेशन. रॅम ८ जीबी, एसएसडी नंतर बसवून घेतली, विंडोज १०. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ६०० व्हीएचा यूपीएस आहे आणि त्याची बॅटरी गेल्या दिवाळीत नवी टाकली. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र कॅबिनेटबरोबर आलेलाच आहे, त्यावर ४५० वॅट असं छापलंय.

होतं असं: टाइप करता करता स्क्रीन एकदम काळी. निळी स्क्रीन येत नाही, कसला मेसेज नाही. पंख्याचा आवाज क्षणभर बसतो, परत उठतो आणि कंपनीचा लोगो येऊन मशीन पहिल्यापासून सुरू होतं. कधी लागोपाठ दोनदा होतं, कधी अख्खी दुपार काही होत नाही. मोठं काम चालू असतानाच होतं म्हणावं तर तसंही नाही. नुसतं वर्ड उघडं असतानाही झालंय.

एका दुकानात दाखवलं. त्यांनी विंडोज नव्यानं टाकून दिलं, पैसे घेतले. घरी आणल्यावर पुन्हा तेच. परत गेले तर म्हणाले, विंडोज १० बंद झालंय, हे आता असंच होणार, नवीन मशीन घ्या. सध्या माझ्याकडे जात्यावरच्या ओव्यांवरचा एक प्रबंध आहे. त्या मुलीनं राधानगरी, भुदरगडकडच्या बायकांकडून ओव्या ऐकून वहीत उतरवल्यात. शब्द जसे बोलले तसेच ठेवायचेत. 'दळीते', 'दळिते', 'दळती' असे तिन्ही प्रकार एकाच पानावर असतात आणि एकही बदलायचा नाही. अशा पानावर मशीन बंद पडलं की शेवटचं सेव्ह कुठपर्यंत झालं होतं ते वहीशी ताडून बघायचं, म्हणजे टायपिंगपेक्षा जास्त वेळ जातो. मुलीची सबमिशनची तारीख ठरलेली आहे.

नवीन मशीन घ्यायची आत्ता ऐपत नाही, आणि खरंच गरज आहे का हेही कळत नाही. खरं कारण कसं शोधायचं ते कुणी नीट सांगेल का? मला स्क्रू काढता येतात, ब्लोअर मारता येतो, सांगितलेलं वाचून करता येतं.

राजारामपुरी आठवी गल्ली

ताई, आधी गरमी बघा. चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंकला पोचवणारा लेप) एवढ्या वर्षांत वाळून खडखडीत झालेली असते. एचडब्ल्यू-इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते चालू ठेवून टेंपरेचर बघा. काम करताना ६०-७० अंशांपर्यंत असेल तर काळजी नाही. ९०च्या वर जात असेल तर पेस्ट बदला, हीटसिंकचे चारही पाय बोर्डात घट्ट बसलेत का बघा, एखादा निसटलेला असतो.

दुसरं, रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, परत टक् आवाज येईपर्यंत बसवा. दोन कांड्या असतील तर एकेक लावून चालवून बघा. रात्री झोपताना पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवा. एकही एरर आली तरी रॅम खराब समजायची.

रंकाळ्याकाठी

विंडोज १०बद्दल आधी बोलतो, कारण हे सांगून बऱ्याच जणांना नवीन मशीन गळ्यात मारलं जातंय. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा सपोर्ट थांबवला हे खरं आहे. त्याचा अर्थ सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. सपोर्ट संपला म्हणून मशीन मध्येच काळं होऊन रिस्टार्ट होत नाही. तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही (इंटेलची यादी आठव्या जनरेशनपासून सुरू होते), तेव्हा पुढेमागे विचार करावा लागेल, पण तो प्रश्न वेगळा आहे.

आता तुमचं. रिस्टार्टचे ढोबळ तीन प्रकार असतात आणि तिन्हींची खूण विंडोजच्या नोंदीत वेगवेगळी उमटते. स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टिम' उघडा. रिस्टार्टच्या वेळेच्या आसपास १०७४ नंबरची नोंद असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमनं किंवा अपडेटनं सांगून रिस्टार्ट केलंय, आणि कुणी केलं त्याचं नावही तिथंच मिळतं. १००१ नंबरची 'बगचेक' नोंद असेल तर विंडोज कोसळलंय, म्हणजे ड्रायव्हर, रॅम, डिस्क यांतलं काहीतरी. आणि नुसतीच 'कर्नल-पॉवर ४१' आणि ६००८ असेल तर विंडोजला काही कळायच्या आत मशीन गेलं.

४१च्या नोंदीवर डबल क्लिक करून 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' बघा. तिथं ० असेल तर विंडोज कोसळल्याची नोंदच झालेली नाही. ४१ला बरेच लोक रोगाचं नाव समजतात. मशीन नीट बंद न होता गेलं, एवढंच ती नोंद सांगते.

आणि एक सेटिंग आत्ताच बदलून ठेवा. 'धिस पीसी'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज', त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'चं बटण. तिथं 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' समोरची टिक काढा. मग विंडोज कोसळत असेल तर निळी स्क्रीन तशीच थांबून राहील, फोटो काढता येईल. टिक काढूनही मशीन थेट काळं होऊन रिस्टार्ट झालं, तर विंडोजचा नाद सोडा आणि करंटच्या बाजूनं बघा.

पेठेतली टायपिस्ट

दोघांचेही मनापासून आभार. सांगितलेलं सगळं केलं.

टेंपरेचर काम करताना ५८च्या वर गेलं नाही. रॅम पुसून बसवली, मेमटेस्ट रात्रभर चालली, एकही एरर नाही. ऑटोमॅटिक रिस्टार्टची टिक काढली, तरी मशीन तसंच काळं होऊन परत सुरू झालं, निळी स्क्रीन आली नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या त्या वेळेला ४१ आणि ६००८ आहेत, बगचेककोड सगळीकडे ०. १०७४ आहेत, पण ते मी स्वतः बंद केलं तेव्हाचे.

नोंदी बघताना वेळा वहीत उतरवून काढल्या. सकाळी बहुतेक साडेदहा ते अकराच्या मध्ये, नंतर दुपारी चारनंतर. रात्री काम करते तेव्हा कधीच नाही. आणि सोमवारची एकही नोंद नाही! सोमवारी मी सुट्टी घेत नाही, उलट जास्तच काम असतं. हे कशामुळे असेल?

जुन्या घरातला

कॅबिनेटचं रिसेटचं बटण अडकतं का बघा. आमच्याकडं दमटपणानं ते आत रुतून बसलं होतं. बोर्डावरची 'रिसेट स्विच'ची छोटी वायर काढून ठेवा, मशीनला काही होत नाही. बटणाचा दोष असेल तर तेवढ्यानं कळतं. बायोसचा सेलही बदला, तीन व्होल्टचा सीआर २०३२.

उद्यमनगर वायंडिंग

सेल बदलून हे थांबणार नाही. सेल संपला की तारीख-वेळ मागं जाते, चालू मशीन रिस्टार्ट होत नाही. रिसेटची वायर काढून बघायला मात्र हरकत नाही, फुकट आहे.

ताई, मी उद्यमनगरात मोटर वायंडिंगचं काम करतो, आयुष्य त्यात गेलं. एसएमपीएस दुरुस्तीही बरीच केली. तुम्ही वेळा लिहून काढल्या हे फार चांगलं केलं, निम्मं काम तिथंच झालं. आता मला एवढंच सांगा: तुमच्या गल्लीत सोमवारी काय बंद असतं? पिठाची गिरणी, लेथ, वेल्डिंग, काही आहे का? आणि मशीन जातं तेव्हा घरातला दिवा पापणी लवावी तसा लवतो का?

पेठेतली टायपिस्ट

काका, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. आमच्या भिंतीला लागून डंका आहे, मिरची कांडपाचा. सोमवारी बंद. आत्ता चटणीचा सीझन, बायका संकेश्वरी आणि ब्याडगीच्या पिशव्या घेऊन रांगेत असतात. साडेदहाला तो सुरू होतो, दुपारी बंद असतो, चारला परत सुरू. माझ्या खिडकीत भाजलेल्या खोबऱ्याचा, धण्याचा वास आला की समजायचं.

आज मुद्दाम लक्ष ठेवून बसले. डंका सुरू होताना ट्यूब किंचित मंदावली, यूपीएसमधून 'टक्' असा आवाज आला आणि त्याच क्षणी स्क्रीन गेली. पण मग यूपीएस कशासाठी आहे? बॅटरी तर नवी आहे. आणि डंकावाल्या मावशींशी भांडण करायची माझी अजिबात इच्छा नाही, त्यांचं पोट त्याच्यावर आहे.

उद्यमनगर वायंडिंग

भांडायचं काही कारण नाही. जरा सविस्तर लिहितो, सावकाश वाचा.

डंक्याची मोटर समजा ५ एचपीची थ्री फेज आहे. ती भर लोडवर साधारण ७.५ अँपिअर घेते. पण उभी मोटर डायरेक्ट स्टार्टरनं उठवली की पहिल्या क्षणी पाच ते सात पट करंट ओढते. तेवढा करंट गल्लीतल्या वायरीतून आला की व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं. म्हणून ट्यूब मंदावते. पंख्याला, फ्रीजला एवढ्याचं काही वाटत नाही.

व्होल्टेज पडलं म्हणून तुमचा यूपीएस बॅटरीवर उडी मारतो. ती 'टक्' म्हणजे आतली रिले. घरगुती यूपीएस लाइनवरून बॅटरीवर जाताना मध्ये एक छोटी फट राहते, साधारण १० मिलिसेकंदांपर्यंत. तेवढा वेळ कॉम्प्युटरला बाहेरून काहीच मिळत नाही. ती फट भरून काढायचं काम एसएमपीएसचं. त्याच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो. घरावरच्या टाकीसारखं समजा, नळाचं पाणी गेलं तरी टाकीवर थोडा वेळ भागतं. चांगला एसएमपीएस लोडवर १६ मिलिसेकंद तरी कळ काढतो. आपल्याकडं ५० हर्ट्झच्या सप्लायचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, त्यावरून हा वेळ किती थोडा आहे ते बघा. कपॅसिटर जुना झाला, उष्णतेनं आतनं सुकला, की ही टाकी लहान होत जाते. मग १० मिलिसेकंदसुद्धा निघत नाहीत.

आता बंद न पडता रिस्टार्ट का होतं? एसएमपीएसमधून बोर्डाला एक करडी वायर जाते, 'पॉवर गुड' म्हणतात तिला. व्होल्टेज ठीक आहेत असा तिचा निरोप असतो. तो निरोप क्षणभर तुटला की बोर्ड स्वतःला रिसेट करतो. निरोप परत आला की पहिल्यापासून सुरुवात. तुमच्या पंख्याचा आवाज बसतो आणि उठतो तो याचमुळं. विंडोजला यातलं काही कळत नाही, म्हणून नोंदीत ०.

हे खरं की खोटं ते घरीच तपासा. डंका बंद असताना करा. सगळ्या फाइल सेव्ह करून बंद करा, कॉम्प्युटर नुसता चालू ठेवा. मग यूपीएसची पिन भिंतीवरच्या ज्या बोर्डात आहे तिथलं बटण बंद करा. पिन उपसू नका, बटणच बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. मशीन तिथंच रिस्टार्ट झालं तर आपण बरोबर वाटेवर आहोत. मग कॉम्प्युटर शटडाऊन करून त्याच्या जागी यूपीएसवर १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब असलेला टेबल लँप लावा आणि परत बटण बंद करा. ग्राफिक्स कार्ड नसलेलं तुमचं मशीन साधारण तेवढंच खातं. बल्ब लवून पुढं काही मिनिटं जळत राहिला तर यूपीएस आणि बॅटरी ठीक आहेत. बल्ब लगेच विझला तर बॅटरी नवी असूनही खराब, किंवा यूपीएसचा दोष.

दुकानात मल्टिमीटर लावून 'एसएमपीएस ओके' म्हणतील. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट दाखवेलही. ११.४ ते १२.६मध्ये असलं की चालतं. पण काही मिलिसेकंदांचा खड्डा साध्या मीटरला दिसत नाही. खात्री करायची तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून डंक्याच्या वेळेला बघायचं, दुसरा उपाय नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो: एसएमपीएसचा डबा उघडू नका. २३० व्होल्ट एसीचं आत जवळपास ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि पिन काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये राहू शकतं. कॅबिनेट उघडा, वायरी काढा-घाला, पण तो डबा नाही.

राजारामपुरी आठवी गल्ली

काका, लई भारी सांगितलंत. ताई, माझ्याकडं एक एसएमपीएस जादा आहे, वर्षाचासुद्धा नाही. २४ पिनचा मोठा आणि प्रोसेसरचा ४ पिनचा, दोन्ही कनेक्टर आहेत. ट्रायलला घेऊन जावा. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, लावताना सोपं जातं.

पेठेतली टायपिस्ट

काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं. बोर्डाचं बटण बंद केलं, टक् झालं, मशीन रिस्टार्ट. बल्ब लावून बघितला तर तो लवला आणि नंतर शांत जळत राहिला. यूपीएस ठीक आहे.

मग दादांचा एसएमपीएस आणून लावला. चारला डंका सुरू झाला, ट्यूब मंदावली, यूपीएस टक् वाजला आणि कर्सर होता तिथंच लुकलुकत राहिला. आज सकाळीही तसंच. जुना डबा हातात घेऊन नव्याशी वजन ताडलं तर जुना अगदीच हलका लागला. दादा, तुमचा एसएमपीएस साफ करून परत देते. आता नवीन घेताना काय बघू? दुकानात नुसते वॅट सांगतात.

उद्यमनगर वायंडिंग

वॅटवर जाऊ नका. तुमच्या मशीनला १५० वॅटसुद्धा पुष्कळ झाले. तुमच्या मशीनमधला आय-फाइव्ह स्वतः ८४ वॅटच्या घरातला आहे. डब्याच्या बाजूच्या चिठ्ठीवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १२ला त्यानं गुणा. ४५० वॅट छापलेल्या डब्यावर १२ व्होल्टला १५-१६ अँपिअरच असतील तर हिशेब तुम्हीच करा. '८० प्लस'चं (वीज कमी वाया घालवतो याचं) चिन्ह असलेला, किमान तीन वर्षं वॉरंटीचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. बिल पक्कं घ्या. जुना डबा दुसऱ्या कुठल्या मशीनला लावू नका, ई-कचऱ्यात द्या.

आणि ट्यूब मंदावते ते विसरू नका. कॉम्प्युटर वाचला म्हणजे घरची लाइन ठीक आहे असं होत नाही. परवानाधारक वायरमन बोलवून मेन स्विचमधला न्यूट्रल घट्ट आहे का ते बघून घ्या. पेठेतल्या जुन्या वाड्यांत न्यूट्रलचा स्क्रू ढिला, काळा पडलेला असतो. त्यानं खड्डा आणखी खोल होतो. कधी डंका सुरू झाल्यावर एखाद्या खोलीतला दिवा मंद न होता जास्तच लखलखीत झाला तर मेन लगेच बंद करा आणि वीज कंपनीला कळवा. न्यूट्रल तुटत असल्याचं ते लक्षण आहे, त्यात टीव्ही, फ्रीज सगळंच जळतं. मीटरच्या अलीकडचं काम वायरमनचं, पलीकडचं कंपनीचं.

मावशींना भेटलात तर एवढंच सांगा: स्टार-डेल्टा स्टार्टर बसवला तर सुरू होतानाचा करंट डायरेक्टच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण मोटर आणि डंक्याचा भार बघून ठरवायला लागतं. त्यांची मोटर माझ्याकडं पाठवली तर बघून देतो.

पेठेतली टायपिस्ट

वायरमन येऊन गेले. मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू खरोखरच काळा पडला होता, वायरचं टोकही जळकं होतं. टोक कापून नव्यानं जोडलं. ट्यूब अजून मंदावते, पण आधीपेक्षा बरीच कमी. नवीन एसएमपीएस घेतला, चिठ्ठी वाचूनच. मावशींना स्टार्टरचं सांगितलं. सीझन संपला की मोटर उतरवून तुमच्याकडं घेऊन जायचं म्हणाल्या. पत्ता त्यांना कसा देऊ, ते मेसेजमध्ये कळवा.

बावड्याचा विद्यार्थी

माझंही मशीन असंच रिस्टार्ट होतंय, म्हणून मीही एसएमपीएस बदलू का? माझ्याकडं यूपीएस नाही. नोंदीत ४१ आहे, १००१ पण आहे. गेम खेळताना जास्त होतं.

रंकाळ्याकाठी

थांबा, लगेच काही विकत घेऊ नका. १००१ आहे म्हणजे तुमचं विंडोज कोसळतंय, तुमची केस वेगळी आहे. त्या नोंदीत '०x'नं सुरू होणारा लांब कोड असेल तो जसाच्या तसा उतरवा. 'विंडोज' फोल्डरमध्ये 'मिनिडंप' नावाचं फोल्डर आहे का बघा. ग्राफिक्स कार्ड कोणतं, ड्रायव्हर कधी टाकला आणि खेळताना त्याचं टेंपरेचर किती जातं, एवढं घेऊन वेगळा प्रश्न टाका. तिथं बघू.